चपलांच्या साइटवरची पाटी

टेबलाखाली रांगत मी वायर शोधत होते. उठायला गेले, तेवढ्यात कुणीतरी टेबलाच्या कडेला तळहात लावला आणि माझं डोकं आपटलं ते त्या हातावर.

"लागलं का?" मीच विचारलं.

"तुम्हाला नाही ना? मग झालं," हात चोळत तो म्हणाला आणि पुन्हा घराचे नकाशे काढायला बसला.

ऑफिसातला माझा तो पहिला दिवस. अकरा कॉम्प्युटर आणि त्यांचं नेटवर्क सांभाळायचं. मालकीणबाईंनी आल्या आल्या खेळ, खरेदी, सिनेमे… सगळ्या साइट बंद करायला लावल्या. कुणी बंद साइट उघडली की पडद्यावर पाटी यायची. ती लिहायची मी, रोज नवी. गप्प बसेन तर मी कसली! 'मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मी बघतेय हं.' किंवा, 'इथे काही नाही. खिडकीबाहेर ढग बघा, छान आलेत.'

महिनाअखेर मालकीणबाई म्हणाल्या, "सगळ्यात जास्त वेळा बंद साइट कोण उघडतं, यादी दे. पहिल्या नंबराला घरी बसवते."

यादी काढली आणि पुन्हा एकदा तपासली. पहिला नंबर नकाशेवाल्याचा! रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, चोवीस दिवस, चपलांची तीच एक साइट.

मी तडक त्याच्या टेबलाशी गेले. "अहो, चपला हव्यात तर दुकानात जा ना! नोकरीवर पाणी सोडायचंय का?"

त्याचे कान लाल झाले. "चपला नको होत्या… पाटी वाचायची होती. तुमची. रविवारी चुकते ना — सोमवारपर्यंत करमत नाही."

इतका आनंद झाला, की मला धड हसताही येईना.

यादी घेऊन मी मालकीणबाईंपुढे उभी राहिले. "पहिला नंबर त्याचा, पण चूक माझी. नुसतं 'बंद' लिहायचं सोडून मी गप्पा मारत बसले. घरी बसवायचं तर मला बसवा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ढगांची पाटी मीही वाचली. उद्यापासून नुसतं 'बंद' लिही. आणि त्याला काय सांगायचं ते तोंडानं सांग!"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी मी त्याच्या खुर्चीमागे होते. पडद्यावर एकच शब्द आला. त्याचा चेहरा पडला.

"आजची पाटी…?"

"तोंडी आहे," मी म्हणाले. "तुम्ही मला आवडता. संध्याकाळी दारात थांबा, चपला घेऊ. तुमच्या खरंच झिजल्यात."

तो वळला. "पुन्हा सांगाल? मी प्रत्येक पाटी दोनदा वाचतो."

मी पुन्हा सांगितलं.