ओल्याचा रकाना

समुद्रात टाकायची दोरी कुणी कोरडी तपासतं का, तुम्हीच सांगा?

जाळं ओढताना दोरी तुटून माझा भाऊ तात्सुओ पाण्यात गेला, त्याला एकोणपन्नास दिवस झाले होते. गेलेला माणूस तेवढे दिवस आसपासच असतो, असं आमच्या जपानात, ओकायामाकडे म्हणतात. त्या दिवसाचे गोड भाताचे गोळे घेऊन मी दुपारच्या सुट्टीत योशिनोकडे गेले. आम्ही एकाच कारखान्यातल्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी. कृत्रिम राळ गरम पाण्यात विरघळवून, बारीक भोकांतून तिचा धागा मी काढायचे. तो ओला झाला की कमी ताण सोसतो, म्हणून त्याची वळलेली दोरी भिजवून, तुटेपर्यंत ताणून तपासायची ती.

“ये गं मित्सुए,” ती हसली. “पटकन खाऊन घेते. नाहीतर साहेब दोरीआधी मलाच तोडतील.”

ताणयंत्र बंद होतं. दोन्ही चिमटे रिकामे. धागा पाण्यात विरघळू नये म्हणून त्याला लावतात त्या फॉर्मॅलिनचा नेहमीचा वास खोलीत होता. हळूहळू त्यात दुसरा वास मिसळला. ओल्या जाळ्याचा.

मग यंत्राचा काटा हलला. सावकाश चढत चाळीस किलोवर थांबला, आणि रिकाम्या चिमट्यांमध्ये काहीतरी ताडकन तुटलं. काटा शून्यावर आला. पुन्हा चढला. पुन्हा चाळीस.

योशिनोच्या हातातला गोळा खाली पडला.

“नव्वद... मी नव्वद लिहिलं होतं.”

“कुठे?”

“ओल्याच्या रकान्यात. माल अडला होता गं... भिजवायला रात्र जाते. साहेब म्हणाले, कोरडीच तोड, आकडा तिथे लिही.”

“मी तुला विचारलं होतं योशिनो. तात्सुओ हीच दोरी घेतोय, चालेल ना?”

“हो...”

“तू म्हणालीस, डोळे मिटून घे म्हणावं.”

काटा तिसऱ्यांदा चढत होता.

“उद्या हीच दोरी बंदरावर जायचीय,” मी म्हटलं. “तिथेही कुणाचे भाऊ आहेत. आकडा आज बदल.”

तिने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता. “बदलते... तात्सुओची शपथ.”

मी विश्वास ठेवला. पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीची रिळं ट्रकमध्ये चढली. रिळांवरच्या चिठ्ठीत, ओल्याच्या रकान्यात, नव्वदच होतं. मी धावत गेले तोवर ट्रक फाटकाबाहेर पडला होता. योशिनो खिडकीशी उभी राहून कोरड्या बाह्या पिळत होती, आणि त्यांतून पाणी पडत होतं.