मिठाच्या राशीत

हरेश सुट्टीवर आला तेव्हा काशीरामने अख्ख्या आळीला पेढे वाटले. २००४ सालचा मे महिना. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पलीकडे कामोठ्याच्या इमारती उठत होत्या. काशीरामचं मिठागर मात्र चालू होतं आणि पोरगा फौजेत होता. म्हाताऱ्याचे पाय जमिनीवर नव्हते.

पण हरेश जेवेना, बोलेना. ऐन उकाड्यात घोंगडी गुंडाळून बसायचा. उत्तरेतल्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळून त्याचा साथीदार उदयसिंह गाडला गेला होता. हरेशने सहा तास खणलं. मग वादळ वाढलं आणि सगळ्यांना माघारी फिरावं लागलं. एवढं त्याने आईला, गोदूला, एकदाच सांगितलं.

"आमी खणायचा थांबलो ना आये, तवा आतून ठोकल्याचा आवाज येत व्हता."

मिठागरी माणसाला सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक असतं, घाम. काशीरामने पोराच्या हाती फावडं दिलं आणि राशीवर मीठ ओढायला नेलं. दमला की झोपेल, असा साधा हिशेब.

भर उन्हात हरेश मीठ ओढायचं सोडून रासच खणू लागला. बाजूने, हात आत घालून. काशीरामने त्याला धरलं.

"काय शोधतोस रे?"

"तो आत हाय, बाबा."

"मीठ हाय ते, येड्या!"

हरेश हात सोडवून पुन्हा खणू लागला.  तरी दुसऱ्या दिवशी बापाने फावडं पुन्हा पुढे केलं.

चौथ्या दिवशी हरेशच्या बोटांची टोकं काळी पडली. पनवेलच्या डॉक्टर शशिकलाबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"हा बर्फाच्या कारखान्यात जातो का?"

"नाय. मिठागरात."

"काका, ही बोटं बर्फाने जळलीत. आणि जखम दोन-तीन दिवसांची आहे."  बाईंनी चिठ्ठी लिहून दिली. "बोटांचं मी बघते. पण याला लष्कराच्या इस्पितळात न्या, मनाच्या डॉक्टरांकडे. उद्याच. तोवर एकटं सोडू नका."

घरी येऊन काशीरामने चिठ्ठी घडी करून फळीवर ठेवली.

"गावाला कललं तं येडा म्हणतील. नोकरी जाईल त्याची."

"जाव दे नोकरी!" गोदू कडाडली. "पोरगा तं ऱ्हाईल!"

"सुट्टी सरेपर्यंत बघू," तो म्हणाला. बायको बरोबर बोलतेय हे त्याला कळत होतं. लाज आडवी आली, दुसरं काही नाही.

सकाळी हरेश एकटाच मिठागरात गेला.

दुपारी काशीराम भाकरी घेऊन पोचला. राशीपाशी चपला जोडून ठेवलेल्या. ओल्या मातीत पावलं राशीपर्यंत गेली होती. परतीची नव्हती.

रास जशीच्या तशी होती. कुठे भोक नाही, खरवड नाही.

त्याने हाका मारल्या. मग, स्वतःचीच शरम वाटत असताना, राशीला कान लावला.

आत हरेश हसत होता. आल्यापासून पोरगा हसला नव्हता.

काशीराम दोन्ही हातांनी खणू लागला. वरचं मीठ भाजत होतं. वीतभर आत ते गार झालं. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटं बधिर झाली.

"हरेश! चल, डॉक्टरकडं जाव! आताच जाव!"

हसणं थांबलं.

आतून एका हाताने त्याचा पंजा धरला. पोराचा हात बाप कसा विसरेल? काशीराम रडत ओढू लागला.

त्या हाताने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याचा हात हळूच बाहेर लोटला.

मग भोक आतून बुजू लागलं. मीठ लोटणारे हात त्याला दिसले.

चार होते.