गज नसलेली लिरा

कालित्साच्या अंगणात दोन गोष्टी कधी आटल्या नाहीत, टाक्यातलं पाणी आणि वरच्या खोलीतले पाहुणे.

पाणी पावसाचं. हिवाळाभर गच्चीवरून उतरायचं, अंगणाखालच्या दगडी टाक्यात साठायचं आणि ऑगस्टच्या रखरखाटातही असं गोड लागायचं की बंदरावरची माणसं कार्पाथोस बेटाच्या या वरच्या गावात धापा टाकत आली, की आधी तिच्या दाराशी टेकायची. पाहुणे मात्र परमुलखातले. कुणी जर्मन मास्तर, कुणी जपानी नवरा-बायको. सणाच्या दिवसांत येत, बायकांच्या घोळक्यामागे उभे राहत, गजानं वाजणारी लिरा सुरू झाली की डोळे पुसत.

"ह्यांचं काय हरवलंय गं?" निकितासकाका विचारत. गावातले सगळ्यांत जुने लिरावादक, ऐंशी उलटलेले. "विमान, बोट, वर ही खडी चढण. आणि पोचल्यावर काय, तर आमच्या दुःखावर आमच्यापेक्षा मोठ्यानं रडायचं!"

"तुमचं वाजवणं ऐकून कुणालाही रडू येईल, काका."

"जीभ बघा! दोन अंजीर दे आणि गप्प बस."

त्यातली फेमके वेगळी. ती डच. तिच्या देशात जमीन समुद्रापेक्षा खाली. समुद्राला बाहेर ठेवणाऱ्या पंपांवर तिची नोकरी. एका हिवाळी दुपारी पंपघरातल्या रेडिओवर तीन मिनिटं लिरा लागली. हातातला कप तोंडापाशी तसाच राहिला, म्हणाली. कॉफी गार झाली तेव्हा भानावर आली. मग पत्रं लिहून लिहून रेडिओवाल्यांना तिनं भंडावलं, बेटाचं नाव काढलं आणि उन्हाळ्यात पाठीवर पिशवी टाकून हजर! यंदा तिचा तिसरा उन्हाळा. शहरातून एक लिरा घेतली होती, तीन तारांची, मांडीवर उभी धरायची. गज साधा, घुंगरं नसलेला. गावातल्या गजांना घुंगरं असतात. हात हलला की सुराबरोबर तीही बोलतात.

"बाईच्या हाती लिरा?" पहिल्या वर्षी काकांनी भुवई चढवली होती. फेमके त्यांच्या पायरीवर नऊ दिवस बसली. दहाव्या दिवशी काका म्हणाले, "ये बाई आत. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा दगडाचा आहे."

ती कागदावर काही लिहीत नसे. कानानं घ्यायची, बोटांत उतरवायची. चुकली तर हसायची, पुन्हा धरायची. कालित्साला ती आवडायची ती याच्यासाठी. हट्टाला हट्ट ओळखतो.

त्या मंगळवारी भर दुपारी गाव झोपलं होतं. वारा पडला होता, आणि या गावात वारा पडणं म्हणजे घड्याळ बंद पडणं. कालित्सा स्वयंपाकघरात कांदा परतत होती. वरच्या खोलीत फेमकेनं लिरा लावली, एक-दोनदा गज ओढला आणि एक चाल धरली.

कालित्साच्या हातातलं उलथणं थांबलं.

या गावात प्रत्येक वादकाची एक स्वतःची चाल असते. तो गेला की ती चालही वर्षभर मुकी राहते. मग घरचे उकडलेला गहू घेऊन देवळात श्राद्ध घालतात, घरातलं वडीलधारं माणूस परवानगी देतं, तेव्हा कुठं दुसऱ्यानं ती वाजवायची. फेमके वाजवत होती ती मिनासची चाल होती. कालित्साचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी मासेमारीला गेला तो आला नाही. होडी नाही, फळी नाही, कबर नाही. कालित्सानं गहू कधी उकडलाच नाही. पाद्री सांगून थकले. चाल अकरा वर्षं कुणाच्या गजाला लागली नव्हती.

ती जिना चढून वर गेली. कांदा खाली करपत राहिला.

"कुणी शिकवली ही?"

फेमके दचकली. "चुकलं का, मावशी? शेजारचं कुणीतरी वाजवतं ना, रोज दुपारी. खिडकीतून येतं." तिनं बोट दाखवलं. खिडकीखाली अंगण होतं, अंगणात टाक्याचं लाकडी झाकण. पलीकडचं शेजारचं घर वीस वर्षं बंद, माणसं अमेरिकेत.

"कधीपासून?"

"तीन दिवस झाले. आवाज जरा... ओला येतो. मला वाटलं, जुन्या भिंती आहेत म्हणून." फेमकेनं मनगट हलवून दाखवलं. "आणि घुंगरं. सहा आहेत. सातवं असायला हवं तिथं ठोका रिकामा जातो."

कालित्सा पलंगाच्या कडेला बसली. मिनासच्या गजाचं सातवं घुंगरू तिनंच तोडलं होतं, लहानपणी, भांडणात. हे निकितासकाकांनाही ठाऊक नव्हतं.

मिनासची लिरा खालच्या खोलीत खिळ्याला होती, तारा सैल सोडलेल्या. गज मात्र नव्हता. वादक घराबाहेर पडला की लिरा घरी ठेवतो आणि गज कमरेला खोचतो, मागे कुणी हात लावू नये म्हणून. मिनास समुद्रावर गेला तेव्हा गज त्याच्या कमरेलाच होता.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर ती काकांकडे गेली. काका दारात बसून वाळली पावरोटी पाण्यात भिजवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, याचंच तिला भय वाटलं.

"त्या डच पोरीला सांग, ती चाल सोड म्हणावं."

"नाही सांगणार."

"कालित्सा..."

"काका, तुम्ही होतात त्या दिवशी. सगळ्यांसमोर त्यानं मला दोन ओळींची दुपदी गाऊन घातली आणि मी तोंड उघडलं नाही."

काकांनी मान खाली घातली. गावातलं कोण विसरेल? मिनासला वरची खोली हवी होती. बेटाची रीत अशी की घर थोरल्या मुलीचं. मुलाच्या वाट्याला फार तर होडी. कालित्सानं खोली नाकारली, वर चार शब्द सुनावले. आठवड्यानं एका बारशाच्या मेजावर पुरुष लिरेभोवती बसले होते, दुपद्या चालल्या होत्या, आणि मिनासनं भिंतीशी उभ्या बहिणीकडे बघून गायलं होतं:

*उद्या पहाटे होडी सुटते, वारा धरतो हाती ग,*
*एक शब्द दे, बहिणी, मजला, शिडास बांधिन गाठी ग.*

दुपदीला उत्तर द्यायचंच असतं. वैऱ्यालाही देतात. ती ताट उचलून आत निघून गेली होती. मिनासनं चाल अर्ध्यावर तशीच सोडली, गज कमरेला खोचला, उठला. पहाटे होडी सुटली.

"अकरा वर्षं उत्तर घोळवतेय तोंडात," कालित्सा म्हणाली. "मला ते द्यायचंय."

"द्यायचं तर निरोपाचं दे." काकांनी तिचा हात धरला. "'जा रे भावा, सुखात आता, मागे वळून पाहू नको.' असलं. ऐक माझं. ज्याला कबर नाही त्याला 'ये' म्हणू नये. तो येतो."

"माझं उत्तर तयार आहे, काका."

"तेव्हाचं आहे ते! मेजावरचं!"

"हो. तेव्हाचंच द्यायचंय. त्यानं विचारलं होतं तेव्हा."

फेमकेची बोट शनिवारी होती. दोघींनी शुक्रवारची दुपार ठरवली. कालित्सानं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. फेमकेनं लिरेच्या तारांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी पाणी बाहेर ठेवायचं काम करते, मावशी. पंप बंद पडला तर काय होतं, ते मला माहीत आहे."

"मग नको म्हणतेस?"

"नाही. मी ही चाल अर्धी सोडून जाऊ शकत नाही. झोपेतसुद्धा बोटं तिथंच येऊन थांबतात."

शुक्रवारी कालित्सानं अंगण झाडलं. पुढचं दार सताड उघडलं आणि खाली दगड लावला. कांदा-चिजाच्या शेवया केल्या, ताट वाढून मेजावर ठेवलं. खिळ्यावरून लिरा काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तारा पिळल्या. लाकूड कण्हलं, पण तडकलं नाही. टाक्याचं झाकण तिनं एकटीनं सरकवलं. आत काळं, स्वच्छ पाणी. तिचा चेहरा. वरचं निळं आभाळ.

काका कुंपणापलीकडे काठी टेकून उभे राहिले. आत आले नाहीत.

वारा पडला.

फेमकेनं मिनासची लिरा मांडीवर घेतली, आपला साधा गज उचलला आणि चाल धरली. पहिला फेरा कच्चा गेला. दुसऱ्यात सूर भिजले. तिसऱ्यात कालित्साला वाटलं, एकाच लिरेतून दोन लिरा वाजताहेत, एक मांडीवर, एक खोल खाली.

मग घुंगरं.

फेमकेच्या गजाला घुंगरं नव्हती. तिचे डोळे मोठे झाले, पण हात थांबला नाही. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. रिकामा ठोका.

कुंपणापलीकडून काका ओरडले, "निरोपाचं, कालित्सा! निरोपाचं दे!"

चाल त्या जागेपाशी आली, जिथं अकरा वर्षांपूर्वी तुटली होती. आली आणि थांबून राहिली, उंबऱ्याशी पाहुणा थांबतो तशी.

कालित्सा टाक्याच्या काठाशी गुडघ्यांवर बसली. आवाज वय झाल्यासारखा निघाला, पण निघाला.

*शब्द कशाला, भावा माझ्या, दार उघडे ठेविले रे,*
*ओल्या पायी ये तू घरात, ताट तुझे मी वाढिले रे.*

फेमकेचा गज पुढे सरकला. चालीचा उरलेला अर्धा भाग, जो अकरा वर्षांत कुणी ऐकला नव्हता, तिच्या बोटांतून सरळ, न अडखळता निघाला आणि संपला.

पाणी हललं नाही. एक थेंबही उडाला नाही.

कालित्सानं वाकून पाहिलं. आभाळ होतं. तिचा चेहरा नव्हता.

वारा पुन्हा सुटला. उघडं दार दगडाशी एकदा आपटलं, आणि काका छातीवर क्रूस काढत घराकडे वळले.

शनिवारी सकाळी फेमके निघाली. बंदराला जाणाऱ्या टेम्पोत मागे बसली, लिरा कुशीत. डोळे सुजलेले होते, तरी हसत होती. "पुढच्या उन्हाळ्यात येते, मावशी. खोली ठेवा."

"वरची नाही जमायची, पोरी. खालची देईन."

फेमकेनं मान हलवली. टेम्पो वळणावर पोचला तेव्हा तिनं उंच हात करून ओरडून सांगितलं, "सांभाळा! दोघंही!"

कालित्सानं हात हलवला. मागे वळून पाहिलं नाही. दार तसंच उघडं होतं.

दुपार व्हायच्या आधी काका आले. रात्रभर झोपले नसावेत. मेजापाशी बसले. मेजावरचं कालचं ताट रिकामं आणि पुसून ठेवलेलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कालित्सानं टाक्यातलं पाणी काढून कॉफी ठेवली, फेस येईपर्यंत जपून, आणि कपांत ओतली. तीन कप.

काकांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"मीठ टाकलंस की काय गं? साखरेच्या जागी?"

"नाही, काका."

"मग हे..." त्यांनी अंगणातल्या झाकणाकडे पाहिलं. समुद्र तिथून पाचशे हात खाली होता. कप त्यांनी बशीत हळूच ठेवला, कुणाला जाग येऊ नये असा. "झाकण बसव, कालित्सा. गहू उकड. मी स्वतः पाद्र्याला घेऊन येतो. अजून उशीर झालेला नाही."

"मी त्याला एकदा दारातून परतवून लावलं," कालित्सा म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही लावणार."

"पण ही रीत कुठवर गं? दुपदीला उत्तर, उत्तराला दुपदी. ते थांबतं कुठं?"

"मेजावरचं कुणीतरी उठतं तेव्हा," ती म्हणाली. "मी उठणार नाही."

काका काठी घेऊन गेले. कालित्सानं आपली कॉफी उचलली आणि गाळापर्यंत प्याली, एकाही घोटाला तोंड वाकडं न करता. मग डोक्यावरचा रुमाल नीट बांधला आणि दुसरी दुपदी मनाशी जुळवत बसली, कारण पाळी आता त्याची होती आणि नंतर पुन्हा तिची येणार होती.

वरच्या रिकाम्या खोलीत पलंग करकरला. सहा घुंगरं हलली.

ती कप धुवायला उठली नाही. बसल्या जागेवरूनच तिनं ते गोळा केले. काकांचा भरलेला. तिचा रिकामा. तिसराही रिकामाच होता, आणि जिथं ओठ टेकतात तिथं, काठावर, मिठाची बारीक पांढरी कड सुकत होती.