बैलाच्या माथी

सब्बल उगारली होती ती रक्षावर, आणि उतरली ती मनकर्णेच्या उजव्या पावलावर! विहिरीतलं पाणी संपलं तरी मोटर बंद करायची राहून गेली आणि मोटर जळली, एवढाच रक्षाचा अपराध. पण निकेशच्या डोळ्यांत रक्त उतरलं की अपराध लहान की मोठा हे बघायला त्याला सवड कुठली! वांग्याच्या वाफ्यात त्याने बायकोला केस धरून पाडलं, बांधावरची सब्बल, जड लोखंडी पहार, उचलली, आणि त्याच क्षणी त्याची मोठी बहीण मनकर्णा मध्ये पडली... भावजयीला तिने बाजूला ढकललं, पण स्वतःचा पाय मागे घ्यायला तिला वेळच मिळाला नाही. हाड मोडल्याचा आवाज पार शेताच्या धुऱ्यापर्यंत ऐकू गेला. निकेशची सात वर्षांची आचल तिथेच सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती.

निकेशने सब्बल फेकली आणि तो पळत सुटला. मनकर्णेने पदर दातांखाली धरला, पोरीला जवळ ओढलं, आणि पहिला शब्द काढला तो काय? "आचल, कोनी पुसलं त सांगजो, ढवळ्यानं पाय देल्ला आत्याच्या पायावर. बैलानं. समजलं?"

ढवळ्या बिचारा गोठ्यात रवंथ करत उभा होता! त्या मुक्या जनावराच्या माथी हे पाप आलं, आणि डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, गावाने ऐकून घेतलं. वडनेरच्या बाजारात बायका विचारत, "दुखते का व?" आणि लंगडत भाजीची पाटी उतरवत मनकर्णा म्हणे, "काई नाई. बरं हाये."

काई नाई, बरं हाये! उभा जन्म या बाईने या दोन वाक्यांवर काढला होता. निकेशला जन्म देताना माय गेली, वर्षभरात बापही गेला, तेव्हा मनकर्णा सोळा वर्षांची होती. पुलगावचं चांगलं नोकरीवालं स्थळ चालून आलं होतं. पोरगी हवी पण तान्हा मेव्हणा नको म्हणाले, तर हिने सुपारी परत पाठवली. भावाला पाठीशी बांधून भेंडी तोडली, त्याला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. आज्याच्या काळापासून घर कॅथलिक. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा, ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी क्रूसाची वाट, येशूच्या शेवटच्या चालीची प्रार्थना... आणि त्या वाटेवर मनकर्णेच्या मनाने एक गाठ पक्की मारली होती : येशूने क्रूस वाहिला, आपला क्रूस म्हणजे निकेश. सोसायचं, झाकायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही. केवढी ही माया, आणि केवढी ही चूक!

पाय वाकडाच जुळला. उपवासकाळ सरत आला. आचल यंदा पहिला ख्रिस्तप्रसाद घेणार होती, आणि त्याआधी तिचं पहिलं पापनिवेदन व्हायचं होतं. सिस्टरांनी पोरांना सांगितलं होतं, आपापली पापं आठवून कागदावर लिहा. एका दुपारी आचल वहीचं पान घेऊन आत्यापाशी येऊन बसली.

"आत्या, एक पाप समजून नाई राह्यलं. बैलानं पाय देल्ला, असं म्या सगळ्याइले सांगतलं. हे माहं पाप लिहू का तुहं?"

पावशीवर, म्हणजे विळीवर, भाजी चिरणारे मनकर्णेचे हात थांबले.

"आन हे?" पोरीने फ्रॉकची बाही वर केली. दंडावर चार बोटं काळीनिळी उमटली होती. "काल बाबानं मारलं. मॅडम पुसतीन शाळेत. हे बी बैलानंच म्हनू का, आत्या?"

देवा रे! त्या एका प्रश्नाने मनकर्णेचं काळीज उभं चिरलं. जे आपण त्याग म्हणून जपलं, त्याचा वारसा हा असा या कोवळ्या जिवाकडे चालला होता... तिने पोरीला उराशी आवळलं, आणि पोरगी कळवळली, कारण दंड दुखत होता.

तशीच लंगडत ती चर्चमध्ये गेली आणि फादर रजत यांच्यापुढे पापनिवेदनाला गुडघे टेकले. सगळं सांगितलं. तीस वर्षांचं सगळं.

फादर हळूच म्हणाले, "मनकर्णाबाई, दुसरा गाल पुढे करा, असं येशूने सांगितलं ना? त्याच येशूला चौकशीच्या वेळी शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा तो काय म्हणाला, आठवतं?"

"नाई, फादर."

"तो म्हणाला, मला का मारतोस? त्याने क्रूस वाहिला, बाई, खोटं नाही वाहिलं. क्षमा करायची तर आधी अपराधाला अपराध म्हणावं लागतं. तुम्ही निकेशला क्षमा केली नाही, तुम्ही त्याला लपवलं. लपवलेल्या माणसाला पश्चात्ताप कुठून सुचणार?"

"तुमीच सांगा न मंग त्याले!" ती रडत म्हणाली.

"इथलं माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, मी मेलो तरी नाही. आणि माझं काम तुमच्या वतीने बोलण्याचं नाहीच. त्या पोरीला सांभाळायचं तर तुम्हालाच बोलावं लागेल."

पवित्र गुरुवारी, ऊन कलल्यावर, मिस्सा सुरू झाली. त्या दिवशी फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. बारा खुर्च्यांतली अकरावी मनकर्णेची होती. आणि पितळी गुंडातून, त्या मोठ्या घागरीतून, पाणी ओतायला कोण? निकेश! पांढराशुभ्र सदरा, खणखणीत आवाज; चर्चमध्ये त्याच्यासारखा सोज्वळ माणूस शोधून सापडायचा नाही. घरात वाघ, बाहेर गाय, म्हणतात ते उगाच नाही.

मनकर्णेने लुगडं सावरून उजवा पाय परातीत ठेवला. वाकडी बोटं, काळी पडलेली गाठ... शेजारच्या खुर्चीवरची सुलोचनाबाई कळवळून बोलून गेली, "अवं माय! बैलानं लयच वाईट पाय देल्ला व!"

"बैलानं नाई," मनकर्णा म्हणाली.

तिने मान वर केली. भावाच्या डोळ्यांत डोळे घातले. "निकेश, म्या तुले पाठीशी बांधून वाढवलं. सब्बलीनं पाय मोडला तुनं माहा. रक्षाले मारतं, आता पोरीले मारून राह्यला. काऊन? काऊन मारलं तुनं मले?"

निकेशच्या हातातला पितळी गुंड दणकन फरशीवर आदळला. पाणी वेदीच्या पायरीपर्यंत उडालं. "गप बस!" निकेश गरजला, आणि त्या पवित्र जागी, सगळ्या गावादेखत, त्याचा हात बहिणीवर उगारला गेला! माणसं धावली. फादर उठून मध्ये आले. मनकर्णा हलली नाही.

"मार," ती म्हणाली. "पण आज उजेडात मार. आन काऊन मारतं ते सांगून मार."

तेवढ्यात पहिल्या बाकाखालून एक किंचाळी आली. बापाचा हात वर गेलेला पाहताच आचल बाकाखाली शिरली होती. दोन्ही हातांनी डोकं झाकून, अंगाचं मुटकुळं करून ती थरथर कापत होती, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बैलानं मारलं, बाबा... मी बैलानंच सांगतो... नोको मारू, बैलानं..."

निकेशने ते ऐकलं. उगारलेला हात हवेतच राहिला. त्याने त्या हाताकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मुळापासून तोडलेलं झाड पडावं तसा तो त्या सांडलेल्या पाण्यात कोसळला. "अक्का... अक्का वं... मले माफ कर..." म्हणत तो तिच्या पायाकडे हात नेऊ लागला.

मनकर्णेने पाय मागे घेतला. त्या क्षणी तिच्या अंतःकरणाच्या चिंधड्या झाल्या, पण तिने पाय मागे घेतला! "माफ त तुले तवाच केलं, लेका," ती हुंदका गिळून म्हणाली. "पण आज पायाले हात नोको लावू. पह्यले ठाण्यात जाऊ."

दुसऱ्या दिवशी, येशूच्या मरणाच्या शुक्रवारी, ते ठाण्यात गेले. हवालदाराने विचारलं, बाई, पाय कशाने मोडला? मनकर्णा तोंड उघडणार तोच मागून निकेश म्हणाला, "सब्बलीनं. म्या मोडला." बैलाच्या खोट्याची ती ओळ आचलने अखेर वहीच्या पानावर लिहिली, पापनिवेदनात तिने ती फादरांना वाचून दाखवली आणि हलकी होऊन घरी आली.

खटला चालला, सजा झाली. मनकर्णा दर महिन्याला तुरुंगात भेटायला गेली, जाताना वांग्याची भाजी आणि भाकर घेऊन गेली. साक्ष मात्र तिने एका शब्दाने फिरवली नाही. गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे बोलले. गावाचं तोंड काय, धरून ठेवता येतं थोडंच!

दोन वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, निकेश फाटकाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. "रक्षा, येऊ का मी?" त्याने विचारलं. रक्षाने आचलकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, "अंगणात बसा. घरात येन्याचं मंग पाहू."

खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवायला त्याने हात वर नेला, आणि आचलचे खांदे आपोआप आक्रसले. त्याच्या ते ध्यानात आलं. त्याने हात खाली घेतला, पिशवी जमिनीवर ठेवली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे ठेवून तो बसला. असा बराच वेळ बसला.

मग आचलच उठली. चुलीवरचं कोमट पाणी तिने तांब्यात ओतलं, परात आणली आणि बापापुढे ठेवली. मनकर्णा हळूहळू आली, खाटेवर टेकली, आणि तो वाकडा पाय तिने आपणहून परातीत ठेवला.

निकेशने एकेक बोट धुतलं. गाठीवर त्याचा अंगठा थांबला. "अक्का," तो जड आवाजात म्हणाला, "दुखते का व अजून?"

काई नाई, बरं हाये... शब्द तिच्या जिभेवर आले होते. समोर आचल टक लावून पाहत होती.

"हो रे," मनकर्णा म्हणाली, आणि तिचे डोळे वाहू लागले. "थंडीत लय दुखते."