रिकामी फळी

वर्तमानपत्रातल्या नातीच्या फोटोपाशी कात्री नेऊन आक्का थांबल्या. कापायचं होतं ते पोरीचं तोंड नव्हे, त्याखालची ओळ... दुसरीत शाळा सुटलेल्या आक्कांनी अक्षरांवर बोट ठेवून ती तीनदा वाचली होती, आणि तिन्ही वेळा ती तीच निघाली होती. ‘प्रार्थना मला आईने दिली, शिवण आजीने. आजीला देव नव्हता.’

आजीला देव नव्हता!

सगळं शहर त्या ठिगळीचं कौतुक करत होतं. लहानपणी आजीच्या मशीनखालच्या चिंध्या जोडत बसायची म्हणून घरात ठिगळी. आता त्याच चिंध्यांची भिंतीएवढी चित्रं करते म्हणून बाहेर कलावंत. मोठ्या इस्पितळात एक खोली बांधली होती, कुठल्याही धर्माच्या माणसाने यावं आणि गप्प बसावं अशी. तिथे उद्या तिचं कापड टांगायचं होतं, आणि त्याची खालची मुडप आक्कांनी घालायची असं ठरलेलं होतं, कारण बारा हात कापड झोल न पाडता मुडपणारा हात त्या घरात एकच होता. दुपारी ती कापड घेऊन येणार होती. येऊ दे. जिला देव नाही तिच्या हाताची मुडप प्रार्थनेच्या खोलीत कशाला मिरवायची?

मुलाने परमुलखातली, परधर्माची बायको आणली तेव्हा आपण थयथयाट केला होता, हे आक्का कधी नाकारत नसत. पण मग फळीवर त्यांचे पितळी देव आणि खाली टेबलावर सुनेचं प्रार्थनेचं पुस्तक असा संसार लागला. पोर सकाळी इकडे हात जोडी, संध्याकाळी तिकडे डोळे मिटी, आणि मधल्या वेळात खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींच्या तिसऱ्याच भाषेतल्या स्तोत्रांना मान डोलवी. असं चाललेलं असताना एक दिवस मुलगा कामावरून परतलाच नाही... आणि भरल्या घरात पाच वर्षांच्या पोरीने विचारलं, बाबांना कुणाच्या देवाने नेलं, आजीच्या की आईच्या? त्या एका प्रश्नाने घर उभं फाटलं. इथे राहिली तर पोर वेडी होईल, म्हणत सून बॅगा भरू लागली. तेव्हा आक्कांनी रडणं नाही की ओरडणं नाही, फळीवरचे देव उचलले, पत्र्याच्या पेटीत घातले, वर चिंध्या कोंबल्या आणि कुलूप ठोकलं. आता पोरीला एकच देव, तुझा, असं त्यांनी सुनेला बजावलं. तू जायचं नाहीस, मी पेटी उघडायची नाही, आणि पोरीला यातलं काही सांगायचं नाही.

बावीस वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. देवाचं नाव घ्यायचं ते मनात, टाक्याला एक, तेही ओठ न हलवता... आणि हे त्याचं फळ.

दुपारी ठिगळी आली, मागून कापडाच्या गुंडाळीचं दुसरं टोक धरून सून. इस्पितळाच्या धुलाईघरातल्या कामावरून ती थेट तशीच आली होती.

“सुई तिथे आहे, दोरा तिथे आहे,” आक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या. “देव नसलेल्या बाईचा हात मिळणार नाही.”

ठिगळी पांढरी पडली. मी तसं म्हटलं नव्हतं, अर्धंच छापलंय, असं काहीसं ती सांगू लागली, पण आक्कांना आता कोण थांबवणार? मशीनवर वाकून पाठीची कमान झाली ती कुणासाठी, सणासुदीला दुसऱ्यांच्या दारातून चोरासारखं देवदर्शन घेतलं ते कुणासाठी, सगळं त्यांनी पदरातल्या निखाऱ्यांसारखं त्या पोरीपुढे ओतलं. “आणि ही,” त्यांनी सुनेकडे बोट केलं, “हिला सगळं ठाऊक. बावीस वर्षं मूग गिळून बसली.”

सुनेने मान वर केली नाही. त्याने आक्कांचा संताप आणखीच भडकला. शब्द मोडतो तर मोडू दे. त्यांनी मशीनमागच्या खिळ्यावरची किल्ली ओढली, पलंगाखालची पेटी फरफटत आणली आणि झाकण उघडलं. या पोरीला काळे ठिक्कर पडलेले देव दाखवायचे होते... बघ, तुझ्यापायी काय दशा झाली ती.

चिंध्या बाजूला झाल्या. खाली पांढरं स्वच्छ फडकं होतं, परीटघडीचं, धुलाईघराच्या साबणाचा वास येणारं. आणि त्यात देव लखलखत होते, आज सकाळी घासल्यासारखे.

आक्का जमिनीवर बसल्या.

“मी, आई,” सून म्हणाली. “दर महिन्याला. तुम्ही दोरे आणायला बाजारात गेलात की.”

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही म्हणाला असता, हिच्या हाताने बाटले.”

आक्कांनी तसं म्हटलंच असतं. ती गोष्ट आता गिळावीच लागणार होती, कडू काढ्यासारखी. मग तुझं पुस्तक फळीवर का नाही ठेवलंस, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं. ती जागा तुमच्या देवांची होती, सून म्हणाली, मी कशी घेऊ?

ठिगळीने गुंडाळी सोडली आणि कापड खोलीभर पसरलं. कडेला आईच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा जांभळा होता, घड्याळजींच्या काटे-चक्रांचा पिवळा होता, आणि मधोमध, सगळ्या रंगांनी अंग चोरून जागा दिलेली, एक लांब फिकट फळी... तिच्यावर काही नाही. वर फक्त जुन्या दिव्याच्या काजळीचा डाग.

“फळीवरचे देव मला आठवतच नाहीत. मला वाटायचं, आपल्या घराचा देव हाच,” ती म्हणाली. “ही रिकामी जागा. आई तिच्यासमोरून जाताना मान लववायची. तू मशीन तिच्याकडे तोंड करून लावलं होतंस. मी पेपरवाल्यांना म्हटलं, आजीला देव नव्हता, दाखवता येईल असा. पण बाहेरच्या कुठल्याही देवळात गेले तरी मी आधी तिची फळी शोधते. त्यांनी निम्मं वाक्य छापलं, आजी. आणि उरलेलं निम्मं... मलाही आत्ताच कळतंय.”

आक्कांनी त्या काजळीच्या डागावर बोट फिरवलं. तो डाग पोरीने बावीस चिंध्या जुळवून केला होता, राखी ते काळा, आणि एकही टाका वेडावाकडा नव्हता.

ठिगळीने पेटीतले देव उचलायला हात पुढे केला. ठेवू फळीवर?

“हात लावू नकोस,” आक्का कडाडल्या. “ज्या हातांनी बावीस वर्षं घासले, तेच ठेवतील.”

सून जागची हलेना. तिचे डोळे वाहू लागले होते. आक्कांनी तिच्यावर डोळे वटारले, तेव्हा कुठे ती पेटीपाशी वाकली.

“आणि तू बघत काय बसलीस, ठिगळे? सुई ओवून दे. उजेड कमी पडतोय इथे.”

भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं. नातीने सुई ओवून दिली. आक्कांनी कापडाचा काठ मांडीवर घेतला, पहिला टाका घातला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचे ओठ हलले... नाव सगळ्या खोलीला ऐकू गेलं.