बहिऱ्या माइकला काय ऐकू आलं

माइक आणायला गेलो त्या दिवशी मी पूर्ण शुद्धीवर होतो, हे आधी लिहून ठेवतो. पुढचं वाचून आमचा जावई दुसरंच काही म्हणेल. त्याला माझं एकही बोलणं आजवर खरं वाटलेलं नाही, आणि त्यात चूक त्याची नाही. तर या, उजेडाजवळ सरकून बसा. तोंडाने सांगितलं असतं, तर ऐन मोक्याला मांडीवर थाप मारून तुम्हाला दचकवलं असतं. आता कागदावरच भागवायचं.

माझ्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर पोरगेलासा, गोड बोलणारा. म्हणाला, "आजोबा, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल."

म्हटलं, "काढा. पण काम झालं की परत द्या. गिऱ्हाइकाची वस्तू आहे."

तो हसला नाही. शेजारी बायको बसली होती, तीही हसली नाही. तेव्हा मला कळलं, की प्रकरण साधं नाही.

बायकोचे डोळे मागेच गेलेत. मी घरात कुठे आहे, खुर्चीत आहे की न्हाणीघरात, चोरून काही खातोय की काय, हे तिला माझ्या बडबडीवरून कळतं. मी गप्प झालो, की तिच्या लेखी घरात कुणीच नाही. दवाखान्यातून परतताना ती माझी बाही धरून चालत होती. दारात आल्यावर म्हणाली, "अहो, ते गाणं तेवढं भरून ठेवा. बाकी काही मागत नाही."

ते गाणं म्हणजे माझा तरुणपणचा आगाऊपणा. मी घरं रंगवायचो. तिच्या वडिलांचं घर रंगवताना शिडीवर बसून तिच्या नाकाची टिंगल करणारं गाणं रचलं, आणि संध्याकाळी गिटार आणून खिडकीखाली वाजवलं. वडिलांनी बादली फेकली. नाक मात्र आमच्या घरी आलं.

म्हणून मी आणि आमची नात माइकच्या दुकानात गेलो. नात कॉलेजात रेकॉर्डिंगच शिकते. अखंड बोलते, म्हणून मी तिला टिटवी म्हणतो. दुकानदार गोलमटोल, लोण्याचा गोळा.

"काका, गाणं आणि गिटार, दोन्ही एकाच माइकवर घ्यायचंय?"

"मी एकटाच आहे. मला दोन कशाला?"

त्याने दोन माइक समोर ठेवले. एक मोठा, चकचकीत, जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेला. "याला सगळं ऐकू येतं. तारेवरून बोट घसरलेलं, शेजारच्या घरातलं भांडण, सगळं."

"आमच्या सासूबाई अशाच होत्या."

दुसरा काळपट, मुठीत मावणारा. "हा ठोंब्या. वीतभरातलं तेवढं ऐकतो, त्यापलीकडे याच्यासाठी जगच नाही. घराभोवती गोंगाट असेल तर हाच बरा. पण तोंड जवळ न्यावं लागतं."

"आणि जाळीला पोचा कसा?"

"वापरलेला आहे. एकजण परत देऊन गेला."

"का?"

"विचारलं मी. काही बोललाच नाही. नुसती मान हलवली आणि गेला." मग त्याने दोन्ही पिशवीत घातले. "घरी ऐकून बघा. एक ठेवा, एक आणून द्या. माइक दुकानात कळत नाही, खोलीत कळतो."

वाटेतच मी दोघांचं बारसं केलं. एक कानसेन, एक बहिरोबा.

मागची खोली आम्ही दुपारीच तयार केली. खिडकीला गोधड्या टांगल्या, भिंतीला गाद्या टेकवल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत तळघरासारखा काळोख. उजेड एवढाच, टिटवीच्या कॉम्प्युटरचा निळसर, आणि एक लाल ठिपका. गोधड्यांना कपाटाचा कोंदट वास. अशा खोलीत आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं.

टिटवीने दोन्ही माइक एकमेकांना चिकटवून उभे केले. गाणं एकदाच म्हणायचं, दोघांनी ते वेगवेगळं टिपायचं, मग निवड करायची. जाळीपासून चार बोटांवर माझं तोंड, खाली मांडीवर गिटार. गायलो. घसा कानशीसारखा खरखरत होता, पण गायलो.

परीक्षक अर्थात नाकवाली. तिला आणून खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आधी कानसेन.

"गिटार छान आलीय," ती म्हणाली. "पण तुम्ही लांब बसलाय. सगळी गल्ली घरात आलीय. मागच्या इमारतीत ड्रिल चाललंय ना?"

मग बहिरोबा. तिचा चेहरा एकदम हलका झाला. कानापाशी हात नेऊन म्हणाली, "हे तुम्ही. अगदी इथं."

मी टिटवीला डोळा मारला. झाली निवड.

"पण..." बायको म्हणाली, "शेजारी कोण बसलं होतं?"

"टिटवी होती."

"ती नव्हे. पुरुष आहे. तुमच्या आधी श्वास घेतो."

मला वाटलं, बाई माझ्यावर माझाच डाव उलटवतेय. म्हणून मी हेडफोन घातले. गिटारचे चार ठोके. मग माझा श्वास, घरघरणारा, ओळखीचा. पण त्याच्या जरासा आधी दुसरा एक. सावकाश, खोल, भुकेल्या माणसाने ताटावर वाकून घ्यावा तसा. प्रत्येक ओळीआधी तो होता.

टिटवीने कानसेनचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. ड्रिल होतं, कबुतरं होती, माझा श्वास होता. तो दुसरा नव्हता.

"आजोबा..." तिचा आवाज खाली आला, आणि टिटवीचा आवाज खाली येणं हे मी प्रथमच ऐकलं. "ज्याला सगळं ऐकू येतं, त्याला हे आलं नाही. ज्याला वीतभरच ऐकू येतं, त्यालाच..."

"म्हणजे?"

"म्हणजे ते वीतभराच्या आत आहे. तुमच्या तोंडाच्या आणि या बहिरोबाच्या मध्ये."

चार बोटं जागा. मी त्या जागेत हात घातला. काही नव्हतं. फक्त तळवा दमट झाला, आणि वास आला. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तो.

"खोली रिकामी ठेवून बघू," टिटवी म्हणाली. दोन्ही माइक चालू ठेवून, दार ओढून आम्ही तिघं स्वयंपाकघरात जाऊन बसलो. मी टेबलाखालून बायकोच्या पायाला चिमटा काढला, तरी ती ओरडली नाही. नुसता माझा हात धरून ठेवला.

परत येऊन ऐकलं. कानसेनमध्ये वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली होती, लांब कुठे गाडीचा हॉर्न होता. बहिरोबामध्ये काही नाही. काळी, जाड शांतता. बराच वेळ... आणि मग ओठ सुटल्याचा आवाज. चिकटलेले ओठ हळूच वेगळे होतात, तसा. मग कुणीतरी गुणगुणायला लागलं. माझं गाणं. एक ओळ म्हणायचं, चुकायचं, पुन्हा मागे जायचं. घोकत होतं. प्रत्येक फेरीला आवाज जरा जास्त माझा होत होता. शेवटच्या फेरीत ती खरखरही आली. माझ्या घशातली गाठसुद्धा त्याने उचलली होती.

टिटवीने हेडफोन असे काढले, जणू त्यांनी चावा घेतला. "परत देऊ. आत्ताच्या आत्ता. आजोबा, कानसेनवर गा, मी गोंगाट कमी करून देते."

मी बायकोकडे पाहिलं. दोन दिवसांनी माझा गळा कापला जाणार होता, म्हणजे हट्ट करायचा हक्क माझा. पण हट्ट तिनेच केला.

"लांब बसलेला नवरा मला नको," ती म्हणाली.

संपलं. असलं बोलल्यावर माणसाने घाबरायचं तरी कसं? मी बाह्या सरसावल्या, गिटार उचलली आणि बहिरोबासमोर बसलो.

"हे बघ, बाबा," मी त्या जाळीला म्हटलं, "तू कोण, कुठला, मला जाणून घ्यायचं नाही. माझ्या आवाजासाठी सर्जन आधीच नंबर लावून बसलाय. तू मागे उभा राहा. आणि घुसायचंच असेल, तर आधी ताल शिक."

लाल ठिपका पेटला. माझ्याही कानांवर हेडफोन होते. मी गिटार सुरू केली. चार ठोके. आत, अगदी कानाच्या पडद्याशी, तो सावकाश श्वास. मीही छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, मान पुढे केली.

आणि गायलोच नाही.

अहो, शाळेतल्या मास्तरांपासून जावयापर्यंत ज्याने सगळ्यांना गंडवलं, त्याला हा एक शिल्लक होता. तो माझ्या भरवशावर पुढे धावला आणि तोंडावर पडला. त्या काळ्या शांततेत, माझ्या बंद तोंडासमोर, माझ्या आवाजात गाण्याचा पहिला शब्द एकट्याने उमटला... आणि थबकला.

"फसला!" मी असा ओरडलो, की गोधडी हलली. "फसला गाढव! टिटवे, ऐकलंस? पकडला!"

टिटवीने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. मला मात्र हसू आवरेना. अंगावर काटा होता, पाठीवरून घाम ओघळत होता, आणि मी हसत होतो. मग मी खुर्ची पुढे ओढली आणि ओठ थेट त्या पोचा आलेल्या जाळीला लावले. लोखंड थंड, ओलं. तोच वास. तरी मागे हटलो नाही. चार बोटं जागा होती म्हणून तो बसला ना? मग एका केसाचीही ठेवली नाही.

तसंच सबंध गाणं म्हटलं. नाकाची टिंगल, बादली, सगळं. मधल्या एका कडव्यात माझ्या ओठांवर दुसऱ्या बाजूने काहीतरी दाबत होतं. मी जास्त जोरात दाबलं.

ऐकलं तर स्वच्छ. एकच श्वास, माझा. बायकोने पुन्हा पुन्हा लावून घेतलं. कानसेन दुकानात परत गेला. बहिरोबाला मी ठेवून घेतलं. परत दिला असता, तर दुकानदाराने दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारला असता. जुन्या मोज्यात कोंबून कपाटात टाकला.

ऑपरेशन झालं. आता मानेला भोक आहे, त्यातून श्वास चालतो, बोलणं बंद. जावई भेटायला येतो तेव्हा बराच वेळ बसतो हल्ली, यावरून काय ते समजा. बायकोशी बोलायचं, तर तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतो. माझं शुद्धलेखन तिथेही चुकतं, ती तिथेही हसते.

दुपारी ती स्वयंपाकघरात हेडफोनवर गाणं लावून बसायची. एका छोट्या प्लेअरवर टिटवीने भरून दिलं होतं. मी आतल्या खोलीत पडून तिला ऐकायचो. मध्येच ती हसायची, मध्येच "पुरे हो" म्हणायची. मला बरं वाटायचं. निदान माझी टेप तरी तिला हसवतेय.

परवा दुपारी तसाच पडलो होतो. तिकडे ती हसत होती. "काहीतरीच तुझं," म्हणाली. मी कूस बदलली, आणि उशाशी प्लेअर दिसला. मीच सकाळी चार्जिंगला लावला होता. बंद.

चपला न घालता उठलो, गिटार उचलली. का उचलली, ठाऊक नाही. हातात काहीतरी हवं होतं. दारात जाऊन उभा राहिलो. बायको टेबलाशी बसलेली, तोंड समोरच्या कोपऱ्याकडे. कोपऱ्यात रिकामी खुर्ची. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण तो वास... तो आला.

"या," ती माझ्याकडे न वळता म्हणाली. "पावलं कळतात मला तुमची. बसा इथं."

मी बसलो. तिचा तळहात ओढून लिहिलं, कोण?

"मला काय ठाऊक? आवाज तुमचा आहे. माणूस तुम्ही नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही कुणाचं बोलणं इतकं ऐकून घेता होय?" ती हसली, मग हसू थांबलं. "आवाजासाठी बोलत राहिले मी. तेवढंच कानाला बरं. पण आज विचारतोय, टिटवी कधी येणार. तिचा गळा कसा आहे. तेव्हा म्हटलं, आता पुरे."

तिने माझ्या हातातल्या गिटारवर बोटं टेकवली. "वाजवा."

मी वाजवली. नेहमीपेक्षा जोरात वाजवली. नाकवालीचं गाणं, खिडकीखाली वाजवलं होतं तस्सं. मानेतल्या भोकातून श्वास शिट्टीसारखा निघत होता, तोही तालात घेतला. बायको ताठ बसली आणि कोपऱ्याकडे बोट रोखून बोलली. माझ्या सासऱ्यांची बादली आठवली, असा तो आवाज.

"ए, हे येतं का रे तुला? माझा नवरा मुका झाला, मेला नाही. नुसत्या गळ्यावर घर मिळत नसतं. ऊठ, आणि चालता हो."

मी शेवटचा ठोका दिला. तारा थरथरत राहिल्या, मग निमाल्या. खुर्ची तशीच रिकामी. बायको कान देऊन ऐकत होती. मी तिच्या तळहातावर लिहिलं, गेला?

"नाही," ती हळूच म्हणाली. "गप्प झालाय. खाली जमिनीवर बसलाय..."

मी वाट पाहिली. तिने मान आणखी कलती केली.

"...मांडीवर बोटं वाजवतोय. तुमच्या गिटारचा ताल घोकतोय."