शेवटच्या दारामागचा ठिपका

धाकटी बहीण गेल्याला महिना झाला, तेव्हा कुठे थोरली पुन्हा कामावर गेली. औषधाच्या गोळ्या खोक्यांत भरायचा कारखाना. प्रत्येकीच्या डाव्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी, तांदळाएवढी चिप टोचलेली. हात दाखवला की फाटक उघडायचं. कोण कुठे, किती वेळ, हे मुकादमाच्या आणि पहारेकऱ्याच्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांनी दिसायचं. "आपल्याला शिंक यायच्या आधी मुकादमाला कळतं," बायका म्हणायच्या.

सुटीच्या दिवशी धाकटी कुठल्या डॉक्टरणीकडे गेली, हे मुकादमाने त्या पडद्यावरूनच हेरलं आणि सगळ्यांदेखत हसत हसत सांगितलं. ती उठून बायकांच्या संडासात गेली, शेवटचं दार लावून घेतलं आणि खोकी कापायच्या पात्याने हात चिरला. चिप तेवढी काढायची होती. शीर कापली गेली. दोन तास तिचा ठिपका जागचा हलला नाही. "कामचुकार! बसलीय निवांत," मुकादम म्हणाला होता. रक्त दाराखालून आलं, तेव्हा माणसं धावली.

"साहेब, आता तरी पडद्यावरून तिचं नाव काढा," महिन्याने परतलेली थोरली म्हणाली.

मुकादम खेकसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "तीनदा काढलं, बाई. चिप हातोडीने फोडली. तरी... बघा."

ठिपका होता. शेवटच्या दारामागे.

थोरली तडक तिकडे गेली. भरदुपार, पण आत ओल आणि गंजलेल्या लोखंडासारखा वास. तिने दार लोटलं. आतून कडी होती.

"ताई...?"

थोरलीने दाराला हात टेकला. "मी आहे गं. चल घरी."

"ते बघतायत... अजून?"

खोटं बोलायला थोरलीची जीभ रेटेना. "हो."

मग दाराखालून पांढरीफटक बोटं आली आणि तिचा डावा हात चाचपू लागली. थोरलीने तो दिला. गारेगार स्पर्श, दुखलं मात्र काहीच नाही. संध्याकाळी सुटणाऱ्यांच्या गर्दीतून ती घरी आली.

सकाळी फाटक उघडेना. तिने हात पदराला पुसून पुन्हा दाखवला. मग निरखून पाहिला. टोचल्याचा व्रणसुद्धा नव्हता.

पहारेकरी पडद्यावरून नजर काढेना. "ताई, तुम्ही... आतच आहात की."

"कुठे?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "शेवटच्या दारामागे. कालपासून... दोघी."